मंगलचे डोळे

मादन हिप्परग्याचा मल्लेश गुलबर्ग्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि हात मोकळा झाला की एका बंद पडलेल्या डाळमिलच्या तळघरात उतरायचा. तिथल्या भिंतींवर तो आणि दोघे-तिघे पेंटर कुणी न सांगितलेली चित्रं काढत. ती कुणी बघावीत असं त्यांना वाटतही नसे. मल्लेशच्या भिंतीवर एकच चेहरा होता, त्याच्या बायकोचा, मंगलचा. बाकी चेहरा त्यानं अर्धवटच ठेवला होता. डोळे तेवढे पुरे केले होते.

दोन हजार एक साली बंगलोरची नोकरी सुटून गुलबर्ग्याचाच नागराज परत आला आणि त्यानं कॉम्प्युटरवर फोटो करून द्यायचं दुकान टाकलं. खेड्यातली माणसं मेलेल्याचा एकुलता एक फोटो घेऊन यायची, तोही बहुतेक मेल्यावर काढलेला. नाकातला कापूस नागराज पुसून टाकायचा, अंगावर चांगलं लुगडं चढवायचा, पण मिटलेले डोळे काही उघडता येईनात. कुणीतरी त्याला तळघराचं सांगितलं.

"अण्णा, असे डोळे मशीनला जमत न्हाईत," भिंतीसमोर उभा राहून तो म्हणाला. "तुमी कागदावर काढा, मी आत घेतो."

बाकीचे पेंटर उठून वर गेले. मल्लेश मात्र नागराजकडं जाऊ लागला. नातेवाइकांना विचारून विचारून त्यानं वर्षभर डोळे काढले. मग नागराजचं बोलावणं थांबलं. दुकानातली गर्दी काही कमी झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मल्लेश मंठाळला शाळेची भिंत रंगवायला गेला. भीमण्णा नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला चहाला घरी नेलं. बशी तोंडाला लावता लावता मल्लेश थांबला. हार घातलेल्या फोटोतून मंगल त्याच्याकडं बघत होती. नाक वेगळं, कपाळ वेगळं, बाई साठीची.

"आमची घरवाली, सुमन," भीमण्णा म्हणाला.

पाणी मागायच्या निमित्तानं मल्लेश शेजारच्या घरात शिरला. तिथं हार घातलेल्या फोटोतल्या मिशीवाल्या गड्याला तेच डोळे होते. त्याच्या पुढच्या घरात एका शाळकरी पोरीला. त्या गल्लीत सात घरांतून त्याची जिवंत बायको त्याच्याकडं बघत होती.

घरी आल्यावर त्यानं रंगाचे डबे कोपऱ्यात ठेवले. मंगलच म्हणाली, "अवो, लोकं मला बघून कामून रडायलेत? काल आळंदच्या स्टँडवर एका बाईनं माझा हात धरला, तो सोडंचना."

मल्लेशनं नागराजला गाठलं. तळघरातल्या भिंतीचा फोटो काढून केलेली त्या डोळ्यांची फाईल नागराजनं त्याच्यादेखत पुसली, पण मान खाली घालून म्हणाला, "अण्णा, सीडी उदगीरला गेलीय, बसवकल्याणलाबी. कुणाकुणाला लावले, मलाच ठाव न्हाई."

मग मल्लेश ब्रश घेऊन मंठाळला गेला. "अप्पा, चूक झालीय. सुमनबाईचे डोळे कसे होते सांगा, मी नीट करून देतो."

भीमण्णा बराच वेळ आठवत बसला. "न्हाई आठवत, बाबा. आता हेच आठवतात. हात लावू नको." मग भीतभीत त्यानं विचारलं, "कुणाचे हायत? जित्ती हाय का ती?"

हे ऐकून मंगल चिडेल असं मल्लेशला वाटलं होतं. ती दुसऱ्या दिवशीच मंठाळला निघाली. भीमण्णासमोर बसली. सुमन गेली तेव्हा तो बाजारात होता. ते आणि आणखी काय काय त्यानं तिला सांगितलं. मंगलनं पापणीसुद्धा लववली नाही. शेवटी "व्हय, कळलं मला," एवढंच म्हणाली. दाराशी उभ्या मल्लेशला तो आवाज तिचा वाटला नाही.

त्यानंतर माणसं त्यांच्या दारात येऊ लागली. कमलनगरहून तर जीप भरून आली. मंगल एकेकासमोर बसायची, ऐकायची. मल्लेशनं तळघरातल्या भिंतीला चुना फासला. येणारे येतच राहिले.

एका दुपारी तो जेवत होता. मंगल समोर बसली होती. आजकाल तो तिच्या तोंडाकडं बघायचं टाळायचा.

"पोटभर जेव रं, लेकरा," ती म्हणाली.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. मल्लेशनं मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि हळूच म्हणाला, "व्हय, जेवायलोय."