पाचवीच्या वर्गासाठी वीस नावं

ज्या वर्षी आबांच्या धाकट्या बहिणीने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं आणि सगळ्या नातेवाइकांना तोंडात बोटं घालायला लावली, त्याच वर्षी शाळेत पाचवीचा वर्ग काढायची बोलणी सुरू झाली. त्या लग्नात आबा दोनच गोष्टी बोलले. बहिणीला म्हणाले, "सुखात राहा, आणि नळ बिघडला तर परक्याला बोलावू नकोस." आणि भेटेल त्या पाहुण्याला विचारत राहिले, "तुमच्या ओळखीत चौथीतलं पोर आहे का हो?"

आबा नळदुरुस्ती करायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या न्हाणीघरांत उकिडवं बसून काढली होती. घरात ते आणि त्यांची नात, दोघंच. नातीला सगळे खारू म्हणत, कारण तिचे खिसे खारीच्या गालांसारखे कायम भरलेले असत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. जावईही गेला होता. म्हणजे मेला नव्हता, नुसताच गेला होता. त्यानंतर मुलीने लांबच्या शहरात कापडाच्या कारखान्यात काम धरलं. तिथे बायकांच्या वसतिगृहात एका खोलीत सहाजणी, पोर कुठे ठेवणार? जाताना ती म्हणाली, "बाबा, चौथीपर्यंत सांभाळा. तोवर मी खोली बघते." खारू तेव्हा पहिलीत होती, आणि चौथी म्हणजे आबांना पार पैलतीर वाटला होता. आता तो पैलतीर पायाशी आला होता, आणि मुलीने खोलीही बघून ठेवली होती.

शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी नदीपलीकडे जायचं, दोन बस बदलायच्या. एवढ्याशा पोरीला ते जमणार नाही, हे आबांनाही कबूल होतं. पण एकदा फोनवर मुलगी बोलून गेली, "तिथेच पाचवी असती ना बाबा, तर आणखी दोनेक वर्षं ठेवलीही असती तिला. माझ्या पाळ्या बदलत्या, इथे एकटी राहील पोर." ती सहज बोलली. आबांनी मात्र ते वाक्य मनात आटे घट्ट आवळून बसवलं.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचं म्हणणं साफ होतं: वीस मुलं दाखवा, बाई देतो, खोली देतो. चौथीत सव्वीस मुलं होती, पण निम्म्या आईबापांनी नदीपलीकडे चौकशी करून ठेवली होती. आबा कामाला लागले. त्यांची एक रीत होती. आधी पाणी बंद करायचं, मग बोलायचं. मुख्य कॉक बंद असला की घरातला माणूस जाणार कुठे?

"आबा, भांडी पडलीत हो सगळी."

"दोन मिनिटं, ताई. वायसर झिजलाय. तर मी काय म्हणत होतो, पोराला पाचवीला कुठे घालणार?"

दवाखान्यातली नर्स त्यांना म्हणाली, "असं पाणी अडवून नाव मागता? तक्रार करीन चौकीत."

"करा की. चौकीतला नळही मीच बसवलाय."

ती हसली आणि तिने मुलीचं नाव दिलं. बसचालकाने तर पाणी सुरू होण्याआधीच दिलं, कारण त्याच्या तोंडाला साबण होता. दोन महिन्यांत एकोणीस नावं झाली. विसावं खारूचं.

खारूला त्यांनी विचारलंही होतं. "इथे पाचवी झाली तर राहशील ना गं?"

"राहीन की." तिने वहीतून मान वर केली नाही. "आबा, तू विषय बदलू नकोस. जोडाक्षरं घे."

आबांना मुळात लिहिता-वाचता येत नव्हतं. खारूने पहिलीत असतानाच आपल्या पुस्तकावरून त्यांना शिकवायला घेतलं होतं, आणि या वर्षी तर ती अगदी मास्तरीण झाली होती. परवा ते एका शब्दाला चौथ्यांदा अडखळले तेव्हा ती चिडून रडायलाच लागली. एवढ्याशा चुकीला काय रडायचं, म्हणून आबा हसले होते.

आईचं नाव ती घरात कधी काढत नसे. फोन आला की "हो, जेवले; हो, केला अभ्यास," एवढंच. आबांनी त्यावरून ताडलं, की पोर इथे रमलंय. नळाच्या कामात ते असं कधी ताडत नसत. भिंत एका जागी ओली दिसते आणि पाइप भलतीकडे फुटलेला असतो, हे त्यांना पाठ होतं. पण आपल्याच घरच्या भिंतीला कोण कान लावतं?

सभा शनिवारी दुपारी, चौथीच्याच वर्गात होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांचा दंडक असा की ज्याचं मूल ज्या बाकावर बसतं, त्याच बाकावर त्याच्या पालकाने बसायचं. "फळा दिसतो का, पंखा लागतो का, ते तुमचं तुम्हालाच कळू दे," असं त्या म्हणत. त्यामुळे सभेला गंमत यायची. बसचालक दर वेळी बाकात अडकायचा, आणि सभा संपली की त्याला दोघं मिळून ओढून काढायचे. आबांची जागा तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. आजवरच्या सभा पहिली ते तिसरीच्या खोल्यांत झाल्या होत्या; या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते.

संस्थेचे अध्यक्ष पूर्वी जमीनमोजणीच्या खात्यात होते. लोक त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"पहिला विषय, मुलींचं स्वच्छतागृह," फूटपट्टी म्हणाले.

"दाराला आतून कडी नाही, साहेब," नर्स उठून म्हणाली. "आमच्या मुली जोडीने जातात. एक आत, एक बाहेरून दाराला पाठ लावून."

"नोंद घेतली."

"मागच्या वर्षीही नोंदच घेतली होती," बसचालक बसल्या जागेवरून म्हणाला. "आता ती वहीच ठोका दाराला."

सगळा वर्ग हसला. फूटपट्टीही ओठातल्या ओठात हसले आणि म्हणाले, "सोमवारी कडी लागेल. आता पाचवी."

फूटपट्टींनी आबांनी आणून दिलेली यादी वर धरली. "इथे वीस नावं आहेत. आबांनी कष्ट घेतलेत, वाद नाही. पण कागद काहीही बोलतो. एकदा बाई नेमल्या आणि मुलं आली नाहीत, तर त्या बाईंना घरी कोण पाठवणार? म्हणून मला प्रत्येकाच्या तोंडून ऐकायचंय. मूल इथेच राहणार असेल तर 'राहणार' म्हणा. पहिल्या रांगेपासून."

"राहणार," पहिला आवाज आला. मग दुसरा. मोठ्या बाई खडूने फळ्यावर रेघा मारत होत्या.

आपली पाळी यायला वेळ होता, म्हणून आबांनी चष्मा काढून पुसला आणि चष्म्याची डबी ठेवायला बाकाच्या खणात हात घातला. हाताला पुठ्ठा लागला. बुटांच्या खोक्याचं झाकण. त्याच्या आतल्या बाजूला पट्टीने चौकोन आखले होते, ओळीने, खूप. बहुतेकांवर फुल्या होत्या. आजच्या चौकोनावरही होती. सकाळची शाळा सुटताना घाईने मारली असावी, कारण ती जरा तिरकी होती. आबांनी उरलेले चौकोन मोजले. एकेचाळीस. वरती मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. आबांनी अक्षराखाली बोट धरून वाचलं. आईकडे जायला.

खालच्या भागात दुसरी यादी होती. तिला मथळा होता, 'आबाला शिकवायचं'. आईला फोन लावणे. पुढे बरोबरची खूण. सकाळची गोळी पांढरी, रात्रीची पिवळी; खूण. गॅस बंद केला का ते दोनदा बघणे; खूण. मग, जोडाक्षरं. त्यापुढे खूण नव्हती. शेवटी, माझं पत्र आपलं आपण वाचणे. त्यापुढेही नव्हती.

हे आबांना वाचायला वेळ लागला. तोवर दुसरी रांग संपत आली होती.

एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला की वर्ग उघडणार होता, मुलगी शब्द पाळणार होती, आणि खारू कुरकूर न करता राहणार होती. ती राहिली असती, हे आबांना पक्कं माहीत होतं. हे झाकण तिने घरात एकदाही आणलं नव्हतं. फुल्या मारायच्या त्या इथे, आबांच्या नजरेआड.

"राहणार," नर्स म्हणाली.

"राहणार. आणि मीही इथेच राहणार, कुणी ओढलं नाही तर," बसचालक म्हणाला.

"आबा?" फूटपट्टींनी विचारलं. "तुमचं काय विचारायचं म्हणा. लिहा हो बाई, राहणार."

"थांबा, बाई." आबा बाकाचा आधार घेऊन उठले. "माझी नात जाणार आहे. आईकडे. एकोणीसच धरा."

सगळे एकदम बोलायला लागले.

"अहो, थट्टा करताय का?" नर्स मागे वळून म्हणाली. "माझ्या घरचं पाणी बंद करून नाव घेतलंत माझ्या मुलीचं! तुमच्या भरवशावर मी नदीपलीकडची जागा सोडली. आणि आता तुमचीच चालली?"

"खरं आहे, ताई."

"खरं आहे काय? काल माहीत नव्हतं तुम्हाला?"

"नव्हतं," आबा म्हणाले. "आज कळलं."

फूटपट्टींनी चष्म्यावरून बघितलं. "वीस म्हणजे वीस, आबा. एकोणीसवर मला करता येणार नाही."

"अध्यक्षसाहेब," मोठ्या बाई खडू खाली ठेवत म्हणाल्या, "त्यांना खोटं बोलता आलं असतं. आपल्याला पुढच्या वर्षीच कळलं असतं. निकालापर्यंत मुदत द्या."

फूटपट्टींनी यादीची घडी घातली. "निकालाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत," ते म्हणाले. "एक मिनिट वर नाही."

आबांनी झाकण जसं होतं तसं खणात सरकवलं.

घरी खारू दारातच उभी होती. "काय झालं सभेत? झाली पाचवी?"

"एक पोर कमी पडतंय."

"कसं काय? वीस होती की. मीच लिहून मोजलेली."

"तू आईकडे जाणार आहेस, म्हणून सांगितलं मी."

खारू खिशात हात घालून उभी राहिली. मग म्हणाली, "तू माझ्या बाकात हात घातलास."

"चष्म्याची डबी ठेवायला गं."

"रागावलास?"

"नाही."

"मला इथेही आवडतं, आबा. खोटं नाही बोलले मी. पण मला आईचा वास आठवेनासा झालाय. आधी आठवायचा."

आबांनी तिला जवळ घेतलं नाही. तशी त्यांच्या घरात सवय नव्हती. ते खाली बसले आणि म्हणाले, "आण ते पुस्तक. जोडाक्षरं राहिलीत ना?"

निकालाला आठ दिवस होते तेव्हा विसावं नाव मिळालं. बांधकामावरच्या पहारेकऱ्याची मुलगी, मागच्याच वर्षी चौथी करून शाळा सुटलेली, घरी धाकट्या भावाला सांभाळायची. तिच्या झोपडीत नळच नव्हता, बंद करायला काहीही नव्हतं. आबा तीन दिवस नुसते दाराशी जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी तिची आई म्हणाली, "तुमची कोणी आहे का त्या वर्गात?"

"कोणी नाही," आबा म्हणाले.

"मग एवढं कशाला मरता?"

"लोकांची नावं घेतलीत मी, ताई."

ती बाई हसली, आणि तिने नाव दिलं.

खारूची आई तिला न्यायला आली. दोन दिवस राहिली, आबांचे कपडे धुतले, कपाट आवरलं. बस सुटताना खारूने खिडकीतून आबांच्या हातात खिशातलं काय काय कोंबलं: दोन बटणं, पेन्सिलीचा तुकडा, एक शिंपला. बस वळेपर्यंत आबा उभे होते, आणि वळल्यावरही. मग ते शाळेत गेले आणि पाचवीच्या खोलीबाहेरचा नळ दोन वितींनी खाली घेऊन आले, कारण पहारेकऱ्याची मुलगी वयाच्या मानाने बुटकी होती.

पहिलं पत्र दीड महिन्याने आलं. आबांना ते वाचायला दोन दिवस लागले. शेजारी म्हणाले, "आणा, वाचून दाखवतो." त्यांनी दिलं नाही. संध्याकाळी काम संपलं की ते दारात बसून एकेक ओळ लावायचे, आणि ओळ लागली की समोरच्या रस्त्याकडे बघत बसायचे. खारू सुट्टीत यायची. पहिल्या वर्षी वीस दिवस राहिली, दुसऱ्या वर्षी बारा. उंच झाली होती; "आबा, तू," म्हणताना मधेच थांबून "तुम्ही" म्हणायला लागली होती. आबा म्हणाले, "तूच म्हण गं."

पाचवीच्या पालकसभेला मोठ्या बाई त्यांना दर वर्षी बोलावत. मी आता कुणाचा पालक, असं ते म्हणत, आणि धुतलेला सदरा घालून जात.

वर्ग सुरू झाल्याच्या तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आधीच्या सोमवारी सकाळी, आबा अंथरुणातच वारले. त्यांना एकाहत्तरावं चालू होतं. खारू तेव्हा सातवीत होती. परीक्षा तोंडावर म्हणून तिला मंगळवारी संध्याकाळी कळवण्यात आलं.