मे महिन्याचे दोन दशांश

मंदाकिनीबाई ठाण्यात नौपाड्यातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवरचं तापमान पस्तीस वर्षं रोज लिहीत होत्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना कुणी 'छान छंद आहे हो' म्हटलं की त्यांचं डोकं सणकायचं. आज संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात त्या आपले आकडे लोकांपुढे ठेवणार होत्या. फलकही छापून झाला होता: 'आपला मे सव्वादोन अंशांनी तापला.'

सकाळीच श्रिया आली. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता हवामानाचे आकडे तपासण्याचं काम करते.

"बाई, लोचा झालाय. दोन हजार बारापासून मेचे पहिले पंधरा दिवस बघा. दर तारखेला मागच्या वर्षीपेक्षा बरोब्बर दोन दशांश जास्त. एकदाही कमी नाही!"

त्या पंधरवड्यात बाई दरवर्षी आंब्यांसाठी गुहागरला जायच्या आणि नोंद तळमजल्यावरचे अण्णा करायचे. बाई पायांत चपला सरकवून थेट खाली गेल्या.

अण्णा आधी खोकले, मग कबूल झाले. "गुडघ्यांनी दगा दिला हो. गच्ची चढवेना. तुमची वही कोरी राहू नये म्हणून मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचो नि जरासा वाढवायचो. तुम्हीच म्हणायचात ना, तापमान वाढतंय?"

बाईंना हसूही आलं आणि रागही आला, राग जरा जास्तच. इतकी वर्षं हे आपल्या नजरेला पडलं नाही, याची तर त्यांना लाजच वाटली. वर येऊन त्यांनी लाल पेन घेतलं आणि एकशे पंच्याण्णव नोंदींवर काट मारली.

श्रियाने नव्याने गणित केलं. वाढ उरली एक अंश. "बाई, निम्म्याहून जास्त उडालं. लोक वाभाडे काढतील."

"काढू देत. उरला तो खरा आहे."

सभागृहात बाईंनी आधी तेच सांगून टाकलं. अण्णांचं नाव मात्र घेतलं नाही. लगेच वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप असलेला उत्तम उभा राहिला. "मॅडम, एवढे आकडे खोटे निघाले, तर बाकीचे खरे कशावरून?"

"चांगलं विचारलंत," बाई म्हणाल्या. "एका गच्चीवर जग मोजतच नाहीत. या एका अंशात आपल्या ठाण्याच्या सिमेंटचाही वाटा आहे. म्हणून जमिनीवरचे हजारो तापमापक, समुद्रातली जहाजं, सगळ्यांना एकच विचारायचं: तू तुझ्याच जुन्या सरासरीपेक्षा किती वर आहेस? ठाणं ठाण्याशी ताडायचं, महाबळेश्वर महाबळेश्वरशी. मग त्या फरकांची सरासरी. ती वर चाललीय, कारण कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, तो उष्णता अडवून धरतो."

उत्तमचं समाधान झालेलं दिसेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अण्णा काठी टेकत उठले. "त्यांना काय विचारता? ते आकडे मी रचलेत. श्रिया, माझ्या आकड्यांचीसुद्धा रेघ दाखव गं. बघू देत लोकांना."

पडद्यावर दोन रेघा आल्या. अण्णांची सुतासारखी सरळ वर गेलेली. बाईंची वेडीवाकडी, कुठे उसळलेली, कुठे कोसळलेली. उत्तम पडद्यापाशी जाऊन बाईंच्या रेघेवर बोट ठेवून उभा राहिला.

"ही इथे का पडली?"

"दोन हजार एकवीस. वादळ आलेलं. ढगांनी ऊन अडवलं."

"आणि इथे?"

"वळवाच्या सरी लवकर आल्या."

बाईंना प्रत्येक खड्डा पाठ होता. उत्तमचं बोट वर-खाली होत शेवटच्या वर्षापर्यंत गेलं, मग परत पहिल्या वर्षाकडे आलं.

"पण मॅडम, इतकी पडते-झडते, तरी ही परत पहिल्या जागेवर उतरतच नाहीये."

"नाही उतरत," बाई म्हणाल्या. "तेच सांगायला आलेय मी."