पहिलं पाणी, शेवटचं पाणी

माणसाच्या हाताइतकं विश्वासू उपकरण विज्ञानाला आजवर सापडलेलं नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ताईंच्या अशाच एका विश्वासू हाताने एका मेलेल्या सशाची सगळी पुण्याई ब्लीचच्या भांड्यात ओतली.

ताई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. वयाने प्रमुख डॉक्टरबाईंपेक्षाही सहा वर्षांनी मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या ताई. नोकरीत मात्र अजून तात्पुरत्या. गेली नऊ वर्षं त्यांना दरवर्षी नव्याने वर्षभरासाठी तात्पुरतं केलं जाई. यंदाचं मुदतवाढीचं पत्र डॉक्टरबाईंच्या टेबलावर सहीविना पडलेलं त्यांनी सकाळीच तिरक्या नजरेने पाहून घेतलं होतं.

काम तसं सोपं होतं. सशाला लस टोचली की त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात. त्या सीरममधून, म्हणजे रक्तावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यातून, वेगळ्या काढायच्या. त्यासाठी चुंबकी मणी मिळतात. गळ्यात घालायचे नव्हेत. पिठाहून बारीक, गंजाच्या रंगाचे. सीरममध्ये सोडले की अँटिबॉडी त्यांना जाऊन बिलगतात. मग नळी चुंबकाच्या स्टँडवर ठेवायची. मणी एका भिंतीला चिकटून बसतात, उरलेलं पाणी काढून घ्यायचं आणि मणी धुवायचे. पाच वेळा. दर वेळी पाणी टाकायचं, मणी राखायचे. शेवटी नळीत थोडं आम्ल घातलं की अँटिबॉडी मण्यांना सोडून पाण्यात उतरतात, आणि आता पाणी राखायचं, मणी टाकायचे. पाच वेळा जो कचरा, तोच सहाव्या वेळी खजिना.

हे हाताला कोण सांगणार? त्यात आईचा फोन आला. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, म्हणाली. ताईंनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि फ्रिजवर, डब्याच्या मागे, असं सांगितलं. आई म्हणाली तिथे नाही. तिथेच आहे, नीट बघ, ताई म्हणाल्या, आणि बोलता बोलता हाताने नळीतलं पाणी सहाव्यांदा ओढून ब्लीचमध्ये सोडलं. किल्ली सापडली. ताईंनी फोन ठेवला, आम्लाच्या बाटलीचं उघडं झाकण पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ब्लीचमध्ये गेलेलं परत येत नाही. तरी ताई भांड्यावर वाकून दोन मिनिटं बघत राहिल्या. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा सरळ झाल्या. त्यांच्या आधीचे तंत्रज्ञ एकदा फ्रीजरचं दार उघडं टाकून जेवायला गेले होते. परत आले तोवर दार बंद झालेलं होतं, आणि नोकरीचंही. त्यांचा कोट अजून खुंटीला होता. ताईंनी तिकडे बघायचं टाळलं, म्हणजे पाच मिनिटांत तीनदा बघितलं.

तेवढ्यात ससेवाले काका आले. सशांची राखण त्यांच्याकडे. मेलेल्या सशीला ते म्हातारी म्हणत. गेल्या आठवड्यात ती गेली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते.

"झालं का आमच्या म्हातारीचं?" त्यांनी विचारलं.

"चाललंय," ताई म्हणाल्या. आपला आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा त्यांना वाटला.

काका स्टूल ओढून बसलेच. सहा वर्षं सांभाळली, म्हणाले, मला कधी चावली नाही. डॉक्टरबाईंना दोनदा चावली, पण त्याला कारण होतं. मग स्टँडवरच्या नळीकडे बोट करून म्हणाले, "आज पातळ दिसतंय. एरवी चहाच्या गाळासारखा थर असतो."

"काका, तुम्ही सशांचं बघा."

"बघतो ना. पण जपा हं, ताई. आता दुसरं रक्त नाही."

ते गेले. डॉक्टरबाई चारला येणार होत्या. जेवणाचा डबा ताईंनी उघडला आणि तसाच बंद केला. नळीत नुसतं मिठाचं पाणी भरून चिठ्ठी चिकटवावी, असा एक विचार दीड वाजता आला. अडीचला त्यांनी चिठ्ठी लिहिलीसुद्धा. अक्षर इतकं थरथरीत आलं की चिठ्ठीनेच चुगली केली असती. ती त्यांनी फाडली, तुकडे कोटाच्या खिशात घातले, आणि मग पुरावा अंगावर बाळगल्यासारखं वाटून आणखी घाबरल्या. कॉरिडॉरमध्ये कुणाचीही चप्पल वाजली की ताई उठून उभ्या राहत. साडेतीनपर्यंत ती बारा वेळा वाजली.

चारला डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी नुसता हात पुढे केला.

"टाकलं," ताई म्हणाल्या.

"काय टाकलं?"

"शेवटचं पाणी. ब्लीचमध्ये."

डॉक्टरबाईंनी पुढे केलेला हात कोटाच्या खिशात घातला. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं ताईंना वाटलं. ओरडणाऱ्या माणसाचा राग निदान कुठवर आलाय ते कळतं.

"पहिलं पाणी ठेवलंय?" शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं.

मणी अँटिबॉडी धरून बसल्यावर जे उरतं ते पहिलं पाणी. निकाल लागेपर्यंत ते टाकायचं नाही, असा डॉक्टरबाईंचा नियम होता. नऊ वर्षांत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. महिनाअखेरीला फ्रिज आवरताना ते ओतून देत. ताईंनी ते काढून दिलं. डॉक्टरबाईंनी एक थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला. ताईंनी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा पट्टीवर काळीभोर रेघ होती.

"जवळजवळ सगळं इथेच आहे की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मण्यांनी काही धरलंच नाही. ताई, तुम्ही जे टाकलंत त्यात काही नव्हतं."

मण्यांचा माल खराब आलाय, असं ठरवून त्यांनी उभ्या उभ्या कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली. उद्या ह्याच पाण्यातून पुन्हा काढा, म्हणाल्या, आणि हातात पेन होतंच म्हणून मुदतवाढीच्या पत्रावर सही करून ते ताईंना देऊन गेल्या.

ताई खुर्चीवर बसल्या. बऱ्याच वेळाने उठून त्यांनी मण्यांची बाटली उजेडात धरली. वर पाणी स्वच्छ होतं. तळाशी गंजाच्या रंगाचा बोटभर थर होता. झाकणावर ताईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: घेण्याआधी हलवा.

सकाळी ताईंनी वरचंच घेतलं होतं. बाटली हलवलेली नव्हती.