चौथ्या बाटलीतली आंबुशी

“मामा, सगळ्या वर्गाने रानमेथी लिहिलंय. एकटी तुमची मुलगीच शहाणी?” सरांनी मान वर न करता विचारलं.

तीस वर्षं मी या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई आहे. परीक्षेच्या सकाळी बाटल्यांमध्ये रोपं मांडायची, मुलांनी ओळखून नावं लिहायची. यंदा रानमेथी कुठेच मिळाली नाही. सरांना विचारलं, तर म्हणाले, “हिरवळीतलं पिवळ्या फुलाचं, तीन पानांचं काहीही आणा.” मी आंबुशी आणून चौथ्या बाटलीत ठेवली. आणि या विद्वानाने उत्तरांचा कागद मात्र गेल्या वर्षीचाच ठेवला! पोरांनीही गेल्या वर्षीचंच घोकलेलं. आंबुशी लिहिणारीला शून्य. त्या दोन गुणांनी माझी पोरगी नापास.

“पान बघा सर, पत्त्यांतल्या बदामासारखं आहे. रानमेथीच्या पानाला कडेने दाते असतात. चावून बघा, आंबट लागेल.”

“मी गवत खात नाही. आणि तिला तुम्हीच सांगितलं असणार.”

माझं डोकंच फिरलं. लहानपणी याच हिरवळीत बसून ही पानं चघळलेली माझी पोर, तिला मी सांगायला हवं? मी बाटलीतली पिकलेली शेंग चिमटीत दाबली. ती तडकली, बिया सरांच्या कागदावर उडाल्या.

“रानमेथी अशी उडते का, सर?”

सरांचे कान लाल झाले. त्यांनी उठून दार लोटलं.

“प्रश्न रद्द करतो. सगळ्यांना पूर्ण गुण. पण चुकीचं रोप तुम्ही ठेवलं, असं लिहून द्या. माझी बढती अडकलीय मामा, समजून घ्या ना.”

मला निवृत्तीला दोन महिने उरले होते. तीस वर्षांत माझी एक बाटली इकडची तिकडे झाली नव्हती. तरी सही केली.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: ‘शिपायाच्या चुकीमुळे प्रश्न चौथा रद्द.’ पोरं वाचून खिदळत होती. मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही चुकलात?”

“पास झालीस ना? मग झालं तर.”

“मी विचारतेय काय, तुम्ही सांगताय काय! चुकलात का?”

“नाही.”

“मग सही का केलीत?”

ती ताडताड बाहेर गेली आणि हिरवळीतून एक आंबुशी मुळासकट उपटून घेऊन आली. ओल्या मातीसकट ती तिने त्या सूचनेवर टाचली. खाली वहीतल्यासारख्या नेटक्या अक्षरात लिहिलं: ‘आंबुशी. ओळखणारे : माझे बाबा.’

फलक साफ करायचं काम माझंच. सरांनी दोनदा निरोप पाठवला. आंबुशी सुकली, तिची माती गळून पडली, पण निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी त्या फलकाला हात लावला नाही.