हिरव्या बेडकाचा रिकामा खण

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात, पडद्याच्या आडोशाला मी भिंतीशी टेकून उभी असते. सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. याला स्वभाव म्हणा की काम म्हणा. पाण्याखाली दोरी जराशी हलली, तर ती माशाने ओढली, गवतात अडकली, की नुसती लाटेने डुलली, हे माझ्या शेंड्याने ओळखायचं असतं. ज्या काठीला शंका येत नाही तिच्या गळाला मासा लागत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यातला. कोळशासारख्या काळ्याभोर धाग्यांचं कापड पोलादी सळईभोवती घट्ट गुंडाळून मला भट्टीत भाजलं. सळई काढून घेतल्यावर मी आतून पोकळ आणि वजनाला अगदी हलकी झाले. मग कुणाच्या तरी सवयीच्या बोटांनी माझ्या अंगावर एकेक कडी दोऱ्याने बांधली आणि खाली बुचाची मूठ बसवली. सात फुटांची मी, सबंध एका तुकड्याची. दोन तुकड्यांच्या काठ्या सुट्या करून बॅगेत मावतात. मी मावत नाही. मला या ताठपणाचा फार अभिमान होता.

मला बनवलं होतं बास नावाच्या माशासाठी. हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, हिरवट अंगाचा मासा. तो माझ्याहूनही संशयी. समोर आलेला घास तो आधी निरखतो, मागे सरतो, पुन्हा निरखतो. म्हणून त्याला फसवायला खोटी आमिषं लागतात. माझ्या सोबतीच्या पेटीत ती सगळी होती. जांभळे रबरी किडे होते, पाण्यात भिरभिरणारी पितळी पाती होती, ओढली की डुलत डुलत खोल जाणारी लाकडी मासोळी होती. आणि वरच्या थरात, डाव्या कोपऱ्यातल्या खणात, एक हिरवा रबरी बेडूक होता. रबरी दोऱ्यांचे पाय, पिवळं पोट, पाठीला चिकटलेले दोन गळ. शेवाळावरून तो अशा काही उड्या मारत यायचा की मलासुद्धा वाटायचं, हा जिवंत तर नाही?

माझे मालक शशिकांत मूळचे नाशिकचे, कतारमधल्या गॅस कंपनीत इंजिनिअर. ट्रेनिंगला अमेरिकेत गेले असताना एका सहकाऱ्याने त्यांना तळ्यावर नेलं. तिथे या बेडकावर त्यांना पहिला बास लागला. त्यांनी तो हातात धरला, डोळे भरून पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. सहकाऱ्याने तो बेडूक त्यांनाच देऊन टाकला, आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानातून मला, रिळाला आणि पेटीला घेऊन पुन्हा त्याच तळ्यावर आले. विमानासाठी मला लांब नळीत घातलं होतं. त्या नळीवरून विमानतळावर बरंच भांडण झालं म्हणे.

इथे आले आणि पाहते तर तळं नाही, नदी नाही, बास तर नाहीच. वाळू, खडक आणि समुद्र. खारं पाणी माझ्या कड्यांना चावतं, रिळाच्या दातांत मीठ बसतं. समुद्रावरून आलं की शशिकांत मला न्हाणीघरात नळाखाली धरत. त्या पाण्याचीही मला शंका यायची. इथलं नळाचं पाणी म्हणजे समुद्राचंच, मीठ काढून घेतलेलं. कालचं खारं आज गोड झालं म्हणून लगेच कसं मानायचं?

त्या खडकांवरच कमालभाई भेटले. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, इथे सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर, राहायला उम्म सलाल मोहम्मदला. हातात नुसती दोरी आणि गळ. पहिल्या दिवशी शशिकांतांना एक शेरी मासा लागला आणि त्यांनी तो अलगद परत सोडला. कमालभाईंनी डोक्याला हात लावला.

"काय ओ हे? पकडायचा आणि सोडायचा? मग त्याला बोलावलंत कशाला?"

"आमच्या घरी मासे चालत नाहीत. माझी बायको, सरोज, पेटीसुद्धा आत घेऊ देत नाही, बाल्कनीत ठेवावी लागते."

"माझ्या घरी चालतो. पुढचा इकडे द्या."

अशी त्यांची मैत्री झाली. लागलेला मासा कमालभाईंच्या पिशवीत जायचा आणि परतीच्या वाटेवर दोघे मिळून करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा घ्यायचे. पुष्कळ वर्षं असं चाललं. मी मात्र कमालभाईंकडे जरा तिरकंच बघायचे. त्यांची नजर सारखी पेटीवर असायची. बेडूक हातात घेऊन ते फिरवून फिरवून बघत आणि म्हणत, "याला आमच्या गावच्या धरणावर न्यायला हवा एकदा."

मग यंदाच्या फेब्रुवारीत त्यांची नोकरी संपली. "खलास, शशीभाऊ. पुढच्या शुक्रवारचं विमान. आता कायमचं गाव." त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्यांच्या इथल्या घराजवळच्या मळ्यात पाणी साठवायचं मोठं टाकं होतं, गोड्या पाण्याचं, आत तिलापिया मासे. मळ्याचा राखणदार इनायत ओळखीचा होता. जाण्याआधी एकदा मला घेऊन तिथे गरवायची त्यांची इच्छा होती. गळ टाकून मासे धरण्याला त्यांच्याकडे गरवणं म्हणतात. शशिकांतांची पाठ धरली होती, त्यामुळे सोबत जाता येईना. त्यांनी मला आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. त्या दिवशी पेटीसकट दिलं.

त्या टाक्यावर मी आयुष्यात दुसऱ्यांदा गोड्या पाण्याला लागले. कमालभाईंनी बेडूक बांधला. तिलापिया शेवाळ खाणारे, त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण मी जे पाहिलं ते सांगते. परत निघताना कमालभाईंनी बेडूक दोरीतून सोडवला. इकडे तिकडे बघितलं. आणि तो पेटीत न ठेवता सदऱ्याच्या खिशात घातला.

मग मला गवसणीत घातलं आणि वरून तोंड बांधलं. पुढचं मला दिसलं नाही. दिसायची गरजही वाटली नाही. माझी शंका खरी ठरली होती.

दोन दिवसांनी गवसणी सुटली ती आमच्या घरी. कमालभाई येऊन गेले होते, शशिकांत ऑफिसात होते. सरोजबाईंनी निरोप सांगितला, "पेटी नीट उघडून बघायला सांगा म्हणाले. हसत होते."

शशिकांतांनी बाल्कनीत जाऊन झाकण उघडलं. डावा कोपरा. खण रिकामा. ते तसेच उभे राहिले.

"काय झालं?" सरोजबाईंनी विचारलं.

"बेडूक नाही."

"पडला असेल कुठेतरी."

"पडला कसा असेल? आणि वर बघायला सांगून गेला! विचारलं असतं तर दिला नसता का मी?"

संध्याकाळी कमालभाईंचा फोन आला. स्पीकरवर त्यांचा आवाज नेहमीसारखा मोकळा होता. "उघडलीत काय पेटी?"

"उघडली."

"मग? कसं काय वाटलं?"

"काय वाटायचं?" शशिकांत म्हणाले. "ठीक आहे."

"बरं," कमालभाई म्हणाले. त्या आवाजातली सगळी हवा गेली होती. "शुक्रवारी निघतो आम्ही. जमलं तर या, इन्शाल्ला."

फोन ठेवल्यावर शशिकांत बायकोला म्हणाले, "मी जाणार नाही निरोपाला." त्या दिवसापासून ते गप्प गप्प होते. चहा निवून जायचा. एका बेडकापायी इतक्या वर्षांचा माणूस न भेटताच जाणार होता, आणि मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटत होतं. मी आधीच ओळखलं होतं ना!

शुक्रवारी सकाळी सरोजबाई बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होत्या. एकदम ओरडल्या, "अहो, इकडे या! तुमच्या पेटीत मुंग्या!"

"माशांच्या पेटीत मुंग्या कशाला येतील?"

"तेच तर म्हणते. या गोडाच्या मुंग्या आहेत."

कुंडीपासून पेटीपर्यंत काळी रांग लागली होती. शशिकांतांनी वरचा थर उचलून बाजूला ठेवला. खालच्या मोठ्या कप्प्यात ते एक फडकं तेवढं ठेवत. तिथे स्टीलचा एक डबा होता. कोरा, दुकानाचं लेबलसुद्धा न काढलेला. आत खोबऱ्याच्या वड्या. आणि डब्यावर, स्वच्छ कापडात गुंडाळलेला हिरवा बेडूक. त्याचे गंजलेले गळ जाऊन नवे, लखलखीत गळ बसले होते. तुटके पायही नवे लावले होते.

शशिकांत खालीच बसले. सरोजबाई डब्याच्या लेबलवरून बोट फिरवत राहिल्या. "मासळी कधी न लागलेला नवा डबा घेतला हो त्यांनी. आपल्याला शंका नको म्हणून."

"विमान कितीचं?"

"आधी उठा. वाटेत बोलू."

मला का घेतलं कोण जाणे. हाताला आले आणि गाडीत घातलं, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत तिरकं. वाटेत सरोजबाईंनी मुंग्या झटकून एक वडी खाल्ली, एक नवऱ्याच्या तोंडात घातली. मग उरलेल्या वड्या कागदात काढून डबा रुमालाने पुसला.

उम्म सलाल मोहम्मदला पोचलो तेव्हा दोरीने आवळलेल्या बॅगा खाली आल्या होत्या. कमालभाईंनी आम्हांला पाहिलं आणि नुसतीच मान हलवली. त्यांच्या बायको अनीसाबाई हळूच म्हणाल्या, "भाभी, आमच्याकडचं चालत नसेल तुम्हांला, तर मनात काही ठेवू नका. मी आपलं प्रेमाने दिलं."

"चालत नसेल?" सरोजबाई म्हणाल्या. "अहो, आधी मुंग्यांनी खाल्ल्या, उरलेल्या आम्ही! डबा मासळीच्या पेटीत होता, आम्हांला कळणार कसं?"

अनीसाबाई नवऱ्याकडे वळल्या. "पेटीत घातलात? मी हातात द्या म्हटलं होतं ना?"

"हातात काठी होती," कमालभाई पुटपुटले. "दुसऱ्या हातात पेटी."

"म्हणून गोडधोड गळांच्या शेजारी! तरी मी म्हणते, वड्या पोचल्याचा भाभींचा फोन का नाही."

मग शशिकांत आणि कमालभाई बाजूला झाले. कमालभाईंनी विचारलं, "तुम्हांला वाटलं, मी बेडूक ढापला?"

"वाटलं," शशिकांत म्हणाले.

"मला वाटलं, आमच्या घरचं म्हणून डबा फेकून दिलात."

शशिकांतांनी मला पुढे केलं. "ही न्या."

"हिला कुठे नेऊ? विमानाच्या पंखाला बांधू?" कमालभाई हसले, आणि मग शशिकांतही. माझा ताठपणा त्या दिवशी असा कामी आला.

इतक्यात ड्रायव्हरने "यल्ला, यल्ला" म्हणत निघायची घाई केली. सरोजबाईंनी डबा अनीसाबाईंच्या हातात ठेवला. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे दोन्ही घरांत सारखंच. डबा हलवताच आत काहीतरी वाजलं. कमालभाईंनी झाकण उघडलं. आत बेडूक होता.

"धरणावर न्यायचा होता ना?" शशिकांत म्हणाले. "पण लागलेला मासा सोडायचा."

"बघू," कमालभाई म्हणाले. त्यांनी एका बॅगेची दोरी सैल करून डबा आत सरकवला.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी काठी, एखादं रीळ असेल. समुद्रावरून आलात की त्यांना गोड्या पाण्याने धुवा. कालचं खारं असलं तरी त्या पाण्याला नावं ठेवू नका. कुणीतरी मेहनतीने त्यातलं मीठ काढलेलं असतं. आणि पेटीतला एखादा खण रिकामा दिसला, तर कुणाचं नाव घेण्याआधी खालचा थर उचलून बघा.

डाव्या कोपऱ्यातला खण अजून रिकामाच आहे. शशिकांतांनी तिथे दुसरं काही ठेवलेलं नाही. पेटी मात्र आता बाल्कनीत नसते, माझ्या शेजारी आत असते. परवा कमालभाईंनी फोटो पाठवला. धरणाचं पाणी, ओला हात, आणि एका जाड्याजुड्या माशाच्या तोंडात आमचा बेडूक. खाली लिहिलं होतं, "सोडला."

शशिकांतांनी तो फोटो सरोजबाईंना दाखवला, मग पुन्हा स्वतः पाहिला. त्यांचा विश्वास बसला आहे. मला विचाराल, तर मासा चांगलाच मोठा होता, आणि अनीसाबाई कालवण उत्तम करतात.