भाकरी सोडलेली पोर

प्रांजलनं भाकरी सोडली तेव्हा पालावर असा काही गोंधळ उडाला, की जणू पोरीनं घरच सोडलं. मेंढरांमागं जन्म काढलेल्या घरात कुणी भाकरीला नको म्हणतं का? पण वडूजला नवी जिम काढलेल्या विश्वजितनं, म्हणजे तिच्या मावसभावानं, मोबाइलवर व्हिडिओ दाखवून दाखवून तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. भाकरी, भात, बटाटा, गूळ ही सगळी साखर, आणि साखर म्हणजे अंगावरचं ओझं. ज्याला पळायचंय त्यानं अंडी खावीत, कोंबडी खावी.

आणि प्रांजलला पळायचंच होतं. पलूसहून आसपासच्या गावांना वळसा घालून कुंडलपर्यंत नि परत अशी अर्ध्या मॅरेथॉनची शर्यत होती, आणि पहिल्या तिघींना राज्याच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. पुढच्या वर्षी तिचं वय या गटात बसणार नव्हतं. यंदा नाही जमलं तर विषयच संपला.

दर हिवाळ्याप्रमाणे त्यांची मेंढरं खटावच्या कोरड्या रानातून खाली आली होती आणि कुंडलच्या लालासाहेबांच्या रानात, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या वावरात, बसवली होती. मेंढरं बसली की रानाला आयतं खत मिळतं. त्याच्या बदल्यात पालाला धान्य, पाणी आणि मेंढरांना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. शर्यतीचा रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर. प्रांजल रोज पहाटे त्याच रस्त्यावर पळायची. सुरुवातीला अशी सुटायची, की दूधवाल्याला आपल्या मोटारसायकलची लाज वाटावी. पण शर्यतीतला परतीचा चढ आला, की पाय जागच्या जागी दगड व्हायचे, डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि बाई बांधावर बसून रडायच्या. विश्वजितला फोन केला की त्याचं उत्तर ठरलेलं. अंडी वाढव.

त्यात शर्यत आली नेमकी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. घर शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाचं. आई हरणाबाईनं सकाळीच बजावलं, की आज पालात अंडं शिरायचं नाही आणि उपवासाचं खाल्ल्याशिवाय कुणी राहायचंही नाही. मायलेकींचं असं काही वाजलं, की वडील अर्जुना मेंढरं घेऊन जे लांबच्या ओढ्याला गेले ते दिवसभर परत फिरकले नाहीत. शेवटी हरणाबाईनं हत्यार काढलं.

"म्हादेवाचं खायाचं नसंल तर नगं खाऊ. पर उद्याच्याला मी न्हाई यायची बघाया."

आई बघायला नसताना पळायचं, हे प्रांजलला सोसणारं नव्हतं. तिनं नाक मुरडत साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, तीही ताटात दोनदा पडली. मग बटाट्याचा कीस. रागाच्या भरात तिनं सरावालाही दांडी मारली आणि फुगलेल्या तोंडानं पालात पडून राहिली. सगळं मुसळ केरात गेलं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

सांजच्याला लालासाहेबांची लेक क्रांती उकडलेल्या रताळ्यांची पाटी घेऊन आली. पलूसच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची ती. रताळं पुढं केलं तर प्रांजलला रडूच फुटलं. भाकरी कधी सोडली, चढावर काय होतं, आज आईनं काय काय पोटात ढकललं, सगळं तिनं सांगून टाकलं. क्रांती ऐकता ऐकता अशी उठून उभी राहिली, की पाटी कलंडायची राहिली.

"ओझं न्हवं गं, सरपण हाय हे. इतकं दिस तू बिनसरपणाची चूल फुकत हुतीस."

तिनं रताळं मोडलं. आतलं पीठ म्हणजे ग्लुकोजच्या बारीक बारीक मण्यांची माळ, ती सांगू लागली. साबुदाण्यात तीच माळ, भाकरीत तीच. पोटात माळ तुटते आणि मणी रक्तात उतरतात. उरलेले मणी अंग यकृतात आणि मांड्यांच्या, पोटऱ्यांच्या स्नायूंत पुन्हा ओवून ठेवतं. मात्र ही माळ सरळ नसते, बाभळीगत फांद्याफांद्यांची असते. कारण पळताना घाई असते, आणि फांद्या जितक्या जास्त तितक्या टोकांवरून एकदम मणी तोडता येतात. तिला ग्लायकोजेन म्हणतात. अंडी अंगाच्या डागडुजीला उत्तम, पण हे कोठार ती अशी भरू शकत नाहीत. कोठार संपलं की अंग चरबीवर येतं, आणि चरबी चढावर लागेल तेवढ्या झपाट्यानं जळत नाही.

प्रांजल डोळे पुसत म्हणाली, "मग ताई, मेंढरं? ती तर नुसतं वाडं खाऊन डोंगर चढत्यात."

क्रांतीला हा प्रश्न इतका आवडला, की तिनं पोरीचा गालगुच्चाच घेतला. अगं, वाड्यातसुद्धा तेच मणी, ती म्हणाली. फक्त दर दुसरा मणी उलटा ओवलेला. तेवढ्यानं माळ अशी ताठ होते, की पान उभं राहतं, आणि आपल्या पोटाला ती तोडता येत नाही. मेंढरालाही येत नाही. त्याच्या पोटात अगणित बारीक जीव राहतात, ते तोडून देतात.

प्रांजल नुकत्याच ओढ्याकडून परतलेल्या, रवंथ करणाऱ्या मेंढरांकडं बघतच राहिली. रताळं आणि गवत एकाच मण्याचं, आणि जन्मभर ज्यांच्यामागं फिरलो त्यांच्या पोटात हा एवढा कारखाना. तिला हसू आलं, अंगावर काटाही आला. मग तिनं भीत भीत विचारलं, की एका दिवसात कोठार भरतं का? गच्च भरलंय का ते सांगता येणार नाही, क्रांती म्हणाली, पण रिकामं नक्की नाही. आज पडून राहिलीस तेही बरं केलंस. प्रांजलनं पाटीतली तीन रताळी हाणली.

सकाळी शर्यत सुटली तेव्हा तिच्या रुमालाच्या टोकाला गुळाचा खडा बांधलेला होता. गूळ उपवासाला चालतो, म्हणून हरणाबाईनंच बांधून दिलेला. कुंडलला वळसा घातला तेव्हा प्रांजल चौथी होती. गूळ तोंडात टाकला आणि ती परतीच्या चढाला लागली. आता पाय दगड होणार, आता होणार, म्हणून ती वाट बघत होती. पाय काही थांबायला तयार नव्हते. मधल्या वळणावर पुढची मुलगी, साताऱ्याची शिवांजली, धापा टाकताना दिसली आणि प्रांजलला कळलं, की हिचं सरपण संपत आलंय आणि आपलं शिल्लक आहे. त्या आनंदात तिनं चढावरच वेग वाढवला. शिवांजलीनं शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही, पण प्रांजल तिच्या हातभर पुढं रेषेपार गेली. तिसरी आली. शिबिर पक्कं झालं.

हरणाबाई शर्यतीच्या रेषेजवळच लिंबाखाली बसली होती. बाकीच्यांचे उपवास केव्हाच सुटले होते, तिचा नाही. लेक येईपर्यंत तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिनं फडकं सोडलं. आत पहाटे थापलेल्या भाकऱ्या आणि ठेचा होता.

"आजबी थापलीस माझी?" प्रांजलनं विचारलं.

"रोजच थापत हुते तुझ्या वाटणीची," हरणाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "सांच्याला कुत्र्याला घालत हुते. लय माजलंय ते."

प्रांजलनं भाकरी मोडली. पहिला घास आईच्या तोंडात घातला, दुसरा आपल्या. ती भाकरी तिनं कधी संपवली ते तिचं तिलाच कळलं नाही, आणि कुत्र्याच्या वाटणीचीही तिनंच मागून घेतली.