गोठ्याची नाली

लटारू मिस्त्री गोबरगॅसच्या लोखंडी टाकीला कान लावून बसला होता. गॅस भरला की वर उचलली जाणारी टाकी कालपेक्षा चार बोटं खाली गेली होती.

"काई आयकू येते काय?" घरमालकीण बायनाबाईने विचारलं.

"काईच नाई."

"मंग कान काऊन लावून राह्यले?"

धानोऱ्याहून गोबरगॅस योजनेचे साहेब निघाले होते. ते गॅसवरचा चहा पिणार आणि सहा वर्षं रोजंदारीवर असलेल्या लटारूला कायम करण्याच्या कागदावर सही करणार, असं ठरलं होतं. थंडीत गॅस मंदावतो म्हणून त्याने टाकीभोवती भाताच्या तणसाचे पेंढे बांधले होते, शेण कोमट पाण्यात कालवायला लावलं होतं. ज्योत दुपटीने वाढली. मग आठवड्याभरात विझत गेली.

"शेन कमी टाकलं काय, बाई?"

"रोज दोन टोपले. म्हशीले इचारा."

लटारू गोठ्यात शिरला आणि थबकला. गोठ्याला दवाखान्याचा वास येत होता.

"फिनाईल हाय," बायनाबाई अभिमानाने म्हणाली. "साहेबाच्या नाकाले वास नको म्हून आठ दिस झाले धुवून राह्यली. तुमीच तं म्हनलं, गोठा चकाचक ठेवा."

गोठ्याची नाली थेट शेण कालवायच्या हौदात उतरत होती. ती लटारूनेच बांधली होती.

"बाई, गॅस बारके जंतू करतात. त्याइले मारलं तुमी."

"मी? मी तं मुंगी बी मारत नाई!"

तेवढ्यात जीप आली. साहेब खाटेवर बसले. बायनाबाईने चहा आणला.

"वा! धुराचा जरासुद्धा वास नाही," साहेब म्हणाले. "आणखी दहा घरी बांधायचेत. अगदी असेच बांधा." त्यांनी पेन काढलं.

लटारूने नालीकडे पाहिलं.

"साहेब, चाय चुलीवरचा हाय. गॅस बंद पडला. नाली अलग काढा लागते, माह्यानं चुकली."

"अवो, चूप राहा नं!" बायनाबाई दारातून म्हणाली. परसातल्या चुलीच्या धुराने तिचे डोळे लाल झाले होते.

साहेबांनी पेनला टोपण लावलं. चहा मात्र संपवला.

लटारूने हौद आणि टाकीखालचा खड्डा सारा उपसला, नाली फोडून वळवली, शेजारच्या गावच्या गोबरगॅसमधला जिवंत जंतूंचा शेणकाला बैलगाडीने आणून आत ओतला. महिन्याभराने टाकी वर आली. बायनाबाईने चहा केला.

"कसा लागते?"

"चुलीवरच्यासारखाच."

"मंग एवढी खटपट कायले केली?"

लटारूने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे आता कोरडे होते. रोजंदारीची हजेरी लावायला त्याला धानोरा गाठायचं होतं. त्याने आणखी अर्धा कप मागितला.